साबणाच्या डबीची पत्ती

मुलांनो, काल व्हिडिओ कॉलवर ईशानने गिटारच्या तारा छेडायच्या तीन पत्त्या दाखवून विचारले, "आजी, कोणती घेऊ?" म्हणून आज हे लिहिते आहे.

तुमचे आजोबा साबणाच्या प्लास्टिकच्या डबीच्या झाकणातून जाड पत्त्या कापत. त्यांच्या जोरकस हाताला त्या शोभत; माझ्या हातात मात्र तार खेकसायची. मी गिटार सोडणारच होते.

"तुझा हात हळू आहे, त्यात वाईट काय?" असे म्हणत त्यांनी एक पत्ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर घासून पातळ केली.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, निदान माझी फरशी तरी शिल्लक ठेव."

आता आजोबा नाहीत आणि माझी बोटेही आखडली आहेत. ती पत्ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, अजून सहज वाकते. ईशान, तुझ्या हाताला जुळेल तीच घे.