अक्काचा राहिलेला प्रश्न

हे मी लिहावं का, अजून खात्री नाही. मूल अक्काचं, निर्णय तिचा आणि दाजींचा. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मधे फक्त बोलायला होतो. चुकलं तर माफ करा.

अक्काला सहाव्या महिन्यातच बाळ झालं. बसवनगुडीतल्या एका हॉस्पिटलात ते काचेच्या पेटीत होतं, श्वास मशीनवर. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरीणबाई इंग्रजीत बोलायच्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. दाजी बोम्मसंद्र्याहून पाळी संपवून कारखान्याच्या बुटांतच आले होते. म्हणाले, “जावा वकीलसाहेब, आमची बाजू मांडा.”

अक्का एवढंच म्हणाली, “नळ्या काढल्या तर मला त्याला मांडीवर घेऊ देतील का, विचार.”

मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. बरं व्हायची शक्यता किती, दुसरीकडे न्यावं का, मशीन काढणं कायद्यात बसतं का. डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं. मशीन चालू ठेवता येईल, पण बाळ बरं होणार नाही. त्याचा त्रास तेवढा लांबेल. आणखी दोन डॉक्टर तपासतील, मग आईबापांनी ठरवायचं. अक्काचा प्रश्न मला फार लहान वाटला. एवढ्या मोठ्या बाईंना तो कसा विचारायचा, म्हणून विचारलाच नाही.

बाहेर येऊन मी सगळं सांगितलं. अक्कानं ऐकून घेतलं.

“आणि मांडीचं?”

“ते राहिलं.”

“मग मी काय ठरवू रे? पेटीत एकटं जाणार असेल तर मी हो म्हणणार नाही.”

“वकील बदलायला पाहिजे,” दाजी म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मी परत आत जाऊन मांडीचं विचारलं. “हवा तेवढा वेळ घेऊ दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आम्ही पडदा लावून देऊ. त्याला दुखणार नाही, हे आम्ही बघू.” हे सांगितल्यावर अक्का बराच वेळ दाजींचा हात धरून बसली. मग होकाराची मान हलवली.

दोन दिवसांनी माझा पेपर होता. अक्कानंच मला पाठवलं. पेपर संपवून बाहेर आलो, फोन चालू केला, तर दाजींचाच आला.

“दहाला तिच्याजवळ दिलं. पावणेबाराला गेलं. मांडीवरच होतं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “नाक मामावर गेलंय म्हणते.”