असुराचं नाक

"नाक असं नको. हिच्यासारखं करा."

तो माणूस माझ्याकडे बोट दाखवत होता. मी कोपऱ्यात बसून नंदीच्या शिंगाला काचपेपर मारत होते. अंगभर भुसा. डोक्याला ओढणी गुंडाळलेली. मी आधी मागे वळून पाहिलं. वाटलं, मागे एखादी मूर्ती असेल. मागे भिंत होती.

लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून आमचं वर्कशॉप होतं. पुढे काचेचं शोरूम, मागे पत्र्याचं शेड. शोरूममध्ये सागवानी देव. शेडमध्ये आम्ही. तो माणूस मुंबईचा. भुशी धरणाच्या बाजूला त्याने नवा बंगला बांधला होता. हॉलमध्ये ठेवायला माणसाच्या उंचीची महिषासुरमर्दिनी सांगितली होती. देवी झाली होती. सिंह झाला होता. पायाखालचा असुर आकाराला येत होता, म्हणून तो बायकोला घेऊन काम बघायला आला होता.

मालक त्याला समजावून सांगत होते. त्यांचं ते तोंडपाठ होतं, प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच.

"दहा हात म्हणजे दहा दिशा, सर. सिंह म्हणजे ताकद. आणि हा पायाखालचा, हा म्हणजे आपल्या आतलाच अहंकार. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या आतला."

"ते ठीक आहे हो," तो म्हणाला. "पण हा राक्षस वाटतच नाही. चांगल्या घरातला माणूस वाटतो. नाक बसकं पाहिजे, ओठ जाडे. हिच्यासारखे. बघा ना, मॉडेल तर तुमच्याकडेच आहे!"

त्याची बायको हसली. मालकही हसले. मग मालक त्याच्या कानाशी वाकले.

"ती तिकडचीच आहे, सर. आंदर मावळातली. त्यांच्यातली."

शेवटचा शब्द त्यांनी हळू उच्चारला. हळू बोललेलं जास्त ऐकू येतं.

"मग बरोबरच आहे," तो म्हणाला.

मालकांनी मोबाइल काढला. "अगं, इकडे बघ. ती ओढणी काढ जरा." मी काढली. "आता बाजूनं." मी बाजूनं वळले. "हनुवटी खाली." मी खाली केली.

मला कुणी मारलं नव्हतं. कुणी हात धरला नव्हता. सांगतील तशी मी मान फिरवत होते. फोटो झाल्यावर मी खाली बसले आणि नंदीचं शिंग परत घासायला लागले.

प्रतीक सगळ्यांचं होतं. नाक माझं होतं.

माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले पितळी टाक टोपलीत घातले आणि इंद्रायणीत सोडून आले. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आहे, देव्हारा नाही. आणि त्या आजोबांची नात रोज देव कोरायला जात होती. गावातून टाकव्यापर्यंत चालत, तिथून जीपने कान्ह्याला, पुढे लोणावळ्याची लोकल. वाटेत कुणीतरी हटकायचंच. "आज्यानं देव बुडवलं आन तू नवं करतीस व्हय?"

मी म्हणायचे, "पूजा न्हाई करत. लाकूड कोरते."

ते खरं होतं. माझे वडील वखारीत करवतीवर होते. लाकडाचा वास मला भाकरीच्या वासाइतका ओळखीचा. ते गेल्यावर मी वर्कशॉपमध्ये लागले ती काचपेपर मारायला. तिथले म्हातारे मिस्त्री जातीनं सुतार. त्यांनी माझा हात बघितला आणि एक दिवस पटाशी दिली. आधी पानंफुलं. मग मोर, उंदीर, सिंह. मग दागिने, बोटं, चेहरे. शंख कुणाच्या हातात, कमळ कुणाच्या, मोडका दात कुठल्या बाजूला, सगळं त्यांनीच शिकवलं. मी मन लावून शिकले. आवडायचं मला. हे मी लपवणार नाही.

एक गोष्ट मात्र ठरलेली होती. देवांचे डोळे मिस्त्री उघडायचे. देवाचा चेहरा मी करायचे, गाल, ओठ, कपाळ. पण डोळ्यांच्या जागी दोन गोळे ठेवून पटाशी बाजूला ठेवायची. नंदीचे डोळे माझे. उंदराचे माझे. असुराचे माझे. मला वाटायचं, मी अजून शिकाऊ आहे म्हणून. मग बिहारकडचा एक नवा पोऱ्या आला. त्याने महिन्याभरात लक्ष्मीचे डोळे केले. मी कुणाला काही विचारलं नाही. कळलं होतं.

मिस्त्री एकदा म्हणाले होते, "पोरी, पायाखालचा नीट दिसला पायजे. त्यो दिसला न्हाई, तर वरची मोठी कशी दिसंल?"

कामातली खुबी म्हणून त्यांनी ती सांगितली. मीही खुबी म्हणूनच ऐकली.

माझे फोटो मालकांनी मोठे छापून आणले आणि माझ्या बाकावर चिकटवले. एक समोरून, एक बाजूनं. नाकाभोवती लाल पेनाने गोल.

"हे तूच कर," ते म्हणाले. "तुझ्याइतकं चांगलं कुणाला जमणार?"

हे ते कौतुकानं म्हणाले. आणि मी कामाला लागले. आईचे गुडघे गेले होते, घर माझ्यावर होतं. नाही म्हणायला पायाखाली जागा लागते.

मी स्वतःला कोरत होते. नाकाचा शेंडा, नाकपुड्या, खालचा ओठ. वर देवीचा पाय, तोही मीच केलेला. जोडव्यांसकट. पॉलिशवाली पोरं असुराला माझा भाऊ म्हणायला लागली. "ताई, भाऊ आज खुशीत दिसतोय." मीही त्यांच्याबरोबर हसायचे. हसलं की संपतं, असं वाटायचं.

एका दुपारी भुसा पुसायला मी त्या नाकावरून अंगठा फिरवला आणि हात तिथंच थांबला. ते माझं नाक नव्हतंच. माझा चेहरा मी आरशात बघते तेवढाच. आईचा जन्मभर बघितलाय. लावणीत चिखलात उभी राहून कोपरानं नाक पुसणारी माझी आई तिथं खाली पडली होती. छातीवर त्रिशूळ. मानेवर पाय.

घरी गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आये, तुला तुझं नाक आवडतं?"

"नाकाचं काय आवडायचं? श्वास येतो की त्यातनं."

मग मी तिला सगळं सांगितलं. बोट दाखवलं ते, हसले ते, फोटो. ती थापत राहिली. फोटोचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"आन तू वळलीस?"

"व्हय."

"कुनी धरलंतं?"

"न्हाई."

तिनं भाकरी पुरी थापली. भाकरी तव्यावर टाकली. ताट माझ्याकडे सरकवलं. "जेव," म्हणाली.

आई ओरडली असती, मालकाला शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं. आणि मला माझं उत्तर ऐकावं लागलं.

पुढच्या आठवड्यात तो माणूस परत आला. असुर बघून खूश झाला. "अरे वा! हुबेहूब!" बायको असुराशेजारी उकिडवी बसली, त्याने तिचा फोटो काढला. मग मला म्हणाला, "तू पण बस ना. दोघांचा काढू."

मी बसले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"आता डोळे तेवढे राहिलेत," तो मालकांना म्हणाला. "डोळ्यांत भीती पाहिजे. बघताक्षणी कळली पाहिजे."

मालक माझ्याकडे वळले. "ऐकलंस ना? भीती दिसली पाहिजे."

मी बाकावरून कानस उचलली. लाकूड खरवडायची मोठी, जाड दातांची. त्यांना वाटलं, काम सुरू करतेय. मी असुराशेजारी गुडघे टेकले आणि कानस नाकावर लावली.

सागवान कडक असतं. पहिल्या दोन हातांत काही होत नाही. मग सुटतं. आधी शेंडा गेला. मग नाकपुड्या. पिवळा भुसा देवीच्या पायावर पडायला लागला.

"काय करतेय ही?" तो माणूस ओरडला.

मालकांनी माझं मनगट धरलं. मी म्हणाले, "हात सोडा." माझा आवाज मोठा नव्हता. पण त्यांनी सोडला. मी ओठ घासले. गाल घासले. चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत लाकूड उरेपर्यंत थांबले नाही.

नाक घासणं म्हणजे आपल्याकडे माफी मागणं. त्या दिवशी मी नाक घासलं. कुणाची माफी मागितली नाही.

"डोकं फिरलंय का तुझं? सागवान आहे ते!" मालक लालबुंद झाले होते. "तुम्हा लोकांच्या हातात पटाशी दिली, हेच चुकलं."

आता ते हळू बोलले नाहीत.

मी उठले. "मालक, ह्यो सगळ्यांच्या आतला अहंकार म्हणलात ना? मग तुमचं नाक लावा. न्हाईतर ह्यांचं लावा."

"अगं, कला आहे ही," तो माणूस म्हणाला. "इतकं मनाला काय लावून घ्यायचं?"

मी बाकाकडे गेले. बाकावरचे फोटो फाडले. मालकांना म्हणाले, "मोबाइलमधले पण काढा. माझ्यासमोर." ते हलेनात. मीही हलले नाही. शेवटी त्यांनी मोबाइल काढला आणि एकेक फोटो पुसला. मी बघत उभी राहिले. मग माझी ओढणी डोक्याला बांधली आणि शोरूमच्या दारानं बाहेर पडले. आम्हाला मागचं दार होतं. त्या दिवशी मी पुढून गेले.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. नंतर कळलं, त्यांनीच नवा तुकडा चिकटवून असुराला दुसरा चेहरा केला. डोळ्यांत भीतीसुद्धा घातली. मूर्ती आज त्या बंगल्यात आहे. नाक कुणाचं आहे, मला माहीत नाही. मिस्त्रींवर माझा राग नाही, असं मी म्हणणार नाही. आहे.

हायवेवरच्या दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपनं मला घेतलं नाही. मालकांनी सगळ्यांना फोन करून ठेवले होते. त्या पावसाळ्यात मी लोकांच्या खाचरांत लावणीला गेले. आई बांधावर बसून रोपाच्या जुड्या बांधून द्यायची. वर्कशॉपचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही.

विहारात मात्र विषय निघाला. आमच्यातलेच एक आबा म्हणाले, "बरं झालं सुटलीस. आता त्यो देवांचा नाद सोड."

मी म्हणाले, "न्हाई सोडणार."

"मंग आमी काय म्हणावं?"

"काय बी म्हणा. हात माझा हाय."

त्यांना ते आवडलं नाही. पण एका मालकानं माझं तोंड फिरवलं होतं. आता दुसऱ्या कुणी, आपल्या माणसानंही, माझा हात फिरवायचा नाही, हे मला तिथं बोलता बोलताच पक्कं झालं.

घराच्या मागं मी पत्रे टाकले. वाऱ्यानं पडलेलं शिवणीचं झाड मिळालं, त्यावर सुरुवात केली. मोर केला, सरस्वती केली, बुद्ध केला. गणपती केला तेव्हा डोळेही मीच उघडले. वीज पडली नाही. लाकडाला डोळे आले, एवढंच.

परवा एक जण आला होता, नव्या रिसॉर्टचा. बोलायला चांगला. मला ताई म्हणाला, खाली चटईवर बसला, चहा घेतला. त्याला नटराज पाहिजे होता. मोबाइलवर चित्र दाखवलं. पायाखाली पालथा पडलेला बुटका माणूस. "हा म्हणजे अज्ञान," त्याने समजावलं.

मी म्हणाले, "नटराज करते. पायाखाली कुनी नसंल."

"अहो ताई, मग तो उभा कशावर राहणार?"

"जमिनीवर. नाचायला जमीन पुरते."

तो हसला. मग मी हसत नाही हे बघून म्हणाला, "पण शास्त्रात तसं बसत नाही."

"मग शास्त्रवाल्याकडनं करून घ्या."

तो गेला. मोठं काम होतं, गेलं. अजूनही जातील. आई आत विचारत होती, काय झालं. मी सांगितलं, न्हाई म्हणले.

मी देव करीन. कमळावर बसलेला करीन, बैलावर बसलेला करीन, जमिनीवर उभा राहिलेला करीन. डोळे मीच उघडीन. पण माझ्या हातून आता कुणी कुणाच्या पायाखाली जाणार नाही. पाय देवाचा असला तरी नाही.