डाव्या हाताचा स्ट्रायकर

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर, वाचून मनातल्या मनात हसत आलो आहे. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी हेच माझं आयुष्यभराचं काम. जे मापात बसत नाही ते बाजूला काढायचं आणि बाजूला काढलेल्याचा पुन्हा विचार करायचा नाही, ही सवय मी घरीही नेली. त्यामुळे भुतंखेतं, चकवा, भास यांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पुढे जे सांगतो आहे त्यात कोणी पांढऱ्या साडीत दिसलेलं नाही. जे घडलं ते लख्ख उजेडात, जेवणाच्या ताटावर आणि कॅरमच्या बोर्डावर घडलं.

आम्ही खारघरला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी पत्नी नीलिमा. मुलगी ऋता लग्नानंतर बंगळूरला असते. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी नीलिमाने मला शांतपणे सांगितलं, की होळी झाली की ती वाईला, थोरल्या बहिणीकडे राहायला जाणार आहे. भांडण झालेलं नव्हतं. "इथे मी एकटीच राहते. तिथे निदान ताई आहे," इतकंच ती म्हणाली. मी समोरच्याच खुर्चीत बसलो होतो.

ऋताला हे कळलं तेव्हा तिने आमच्यासाठी जानेवारीत एका शनिवार-रविवारसाठी एक कॉटेज बुक केलं. पनवेलच्या पुढे, नेऱ्याहून आत, गाढी नदीच्या काठी. बैठं कौलारू घर, पुढे पडवी, मागे वालाचं शेत, आणि शेताच्या कडेला राखण करणाऱ्या बाळाराम आणि सुगंधा या जोडप्याचं घर. तिथे जाऊन काय काय करायचं तेही तिने व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. 'नदीवर जा. पोपटी लावा. कॅरम आहे, खेळा. बाबा, ऑफिसचा फोन बंद. आणि प्लीज, एकमेकांशी बोला.' नीलिमाने गाडीत तो मेसेज मोठ्याने वाचला. शेवटचं वाक्य तेवढं वाचलं नाही.

बाळाराम फाटक उघडायला आला आणि आम्हाला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"या दादा, या वहिनी! बरा झाला, परत आलाव. सुगंदा, बग कोन आलाय!"

"आम्ही पहिल्यांदाच येतोय," मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला. "दादांची मस्करी तशीच हाय अजून!"

मस्करी... माझ्यावर हा आरोप आजवर कोणी केला नव्हता.

खोलीत बॅग ठेवता ठेवता नीलिमाने विचारलं, "कोणाला घेऊन आला होतात?"

आवाज चढलेला नव्हता. तेच मला अधिक लागलं. मी शपथेवर सांगितलं, की या गावात मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही. ती "बरं" म्हणाली. आमच्या घरात 'बरं' या शब्दाने बरेच विषय संपतात.

दुपारी सुगंधा तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं घेऊन आली. नीलिमाने तिलाच सरळ विचारलं, "सुगंधाताई, मी केव्हा आले होते हो?"

"असा काय करताव, वहिनी? गेल्या साली, संक्रांत झाल्यावर! नदीत उतरलाव, साडी चिंब झाली, मंग माजी हिरवी साडी नेसलाव. दादा बोलले, आता हिला हितंच ठेवा. इसरलाव?"

"मीच होते? नीट बघा."

सुगंधाने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. "हनुवटीवरचा तीळ बी इसरू काय मी?"

नीलिमाचा घास हातातच राहिला. माझाही. कारण गेल्या वर्षीच्या संक्रांतीला नीलिमाच्या पायाला प्लास्टर होतं. बाथरूममध्ये घसरून तिचा घोटा मोडला होता. वॉकरशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं. मी सकाळी तिच्या उशाशी थर्मास आणि डबा ठेवून पावण्याला निघायचो आणि अंधार पडल्यावर परतायचो. रजा मिळाली असती. मी मागितली नाही.

"मी तेव्हा खारघरला पंख्याकडे बघत पडले होते," नीलिमा म्हणाली.

सुगंधा पदर तोंडाला लावून हसली. "वहिनी पन दादांवानीच झाल्या!"

माणसाची चूक होऊ शकते. वर्षभरात किती पाहुणे येत असतील, चेहरे मिसळत असतील... जेवण होईपर्यंत मी स्वतःला असं समजावलं होतं. पण मग बाळारामने पडवीत कॅरम मांडला. पावडर टाकून सोंगट्या लावल्या, आणि नीलिमा खांबाजवळच्या खुर्चीवर बसायला लागली तसा तो म्हणाला,

"वहिनी, तितं नको, हितं बसा. तितं खांब तुमच्या डाव्या हाताला आडवा येल."

"डाव्या कशाला?" मी म्हणालो. "ती उजव्या हाताची आहे."

बाळाराम गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. नीलिमा मात्र बसता बसता थांबली होती.

"कॅरम मी डाव्या हातानेच खेळते," ती हळू म्हणाली. "लहानपणी उजव्या हाताचं बोट दारात चेमटलं होतं, तेव्हा सवय लागली. बाकी सगळं उजव्यानेच."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी खेळलाच नाहीत."

आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आहेत. जे मला माहीत नव्हतं, ते फाटक उघडायला आलेल्या माणसाला माहीत होतं.

दुसऱ्या कोणा बाईचा संशय नीलिमाच्या मनातून त्या क्षणी गेला, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण त्याची जागा ज्याने घेतली ते त्याहून अवघड होतं. तिने बाळारामला विचारलं, "आम्ही भांडलो नाही?"

"भांडन? ओ वहिनी, दादा तर सोंगटीसोंगटीला क्रिकेटसारखी कॉमेंट्री करत होते. तुमी हसून हसून बोर्डावर डोका ठेवलाव!"

मग आम्ही खेळलो. नीलिमाचा डावा हात बोर्डावर आला आणि मी पहिल्यांदाच तो हात पाहत असल्यासारखा पाहत राहिलो. ती फार सुरेख खेळते. राणी आणि कव्हर तिने सलग घेतलं. मला काय सुचलं कोण जाणे... मीही कॉमेंट्री करून पाहिली. "आणि हा चेंडू थेट सीमारेषेबाहेर..." मग मी उगाच स्ट्रायकर पुसू लागलो.

"राहू द्या," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, कीव होती. "ते त्यांना जमतं."

त्यांना. म्हणजे त्या दुसऱ्या दोघांना.

संध्याकाळी बाळारामने पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि भांबुर्डीचा पाला भरून, मडकं उपडं घालून भोवती जाळ केला. आम्ही जाळाच्या दोन बाजूंना बसलो. शेंगा सोलताना सुगंधा नवऱ्याच्या कानाशी म्हणाली ते मला ऐकू आलं, "या टायमाला दोगं गप हाइत. काय झाला असंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. मी विचारलं, "उतरतेस का?" ती म्हणाली, "घोटा दुखेल." आम्ही काठावर उभे राहून पाणी बघितलं आणि परतलो. ऋताने सुचवलेलं बहुतेक सगळं आम्ही केलं. शेवटचं तेवढं राहिलं.

परतताना पनवेलच्या सिग्नलला नीलिमा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला त्या बाईचा हेवा वाटतो." मला त्या माणसाचा वाटत होता. हे तेव्हाच बोलायला हवं होतं... पण सिग्नल सुटला, आणि मी गिअर टाकला.

होळीनंतर ती वाईला गेली. मी तिला स्वारगेटपर्यंत सोडायला गेलो होतो, पुढची बस तिने एकटीने धरली. मग मी, आमचा फ्लॅट, आणि संध्याकाळी शेजारच्या घरातून येणारे कुकरच्या शिट्ट्यांचे आवाज.

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत असताना फोन वाजला.

"दादा, बाळाराम बोलतोय. पोचलाव ना काल नीट? तुमचा चष्मा राहिलाय हितं, कॅरमच्या बोर्डावर."

माझा चष्मा माझ्या नाकावर होता. जुना कपाटात होता. तो मी नंतर काढून पाहिला. शनिवार आणि रविवार मी घराबाहेर पडलो नव्हतो. एरवी मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला असता. त्या दिवशी मी खुर्चीत बसलो आणि विचारलं,

"बाळाराम... वहिनी बऱ्या होत्या ना?"

"आता तुमीच होताव की संगं!" तो हसला. "हसून हसून ठसका लागला त्यांना, सुगंदा पानी घेऊन धावली. ठेवतो दादा, चष्मा संबाळून ठेवलाय."

मी नीलिमाला फोन लावला. आधी विचारलं, की शनिवार-रविवार कुठे होतीस. "कुठे असणार? ताईबरोबर गच्चीवर कुरडया घालत होते," ती म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं. पनवेलच्या सिग्नलला राहून गेलेलं वाक्यही सांगितलं. त्याला वेळ लागला. वाटलं, आता 'बरं' म्हणेल.

"कॅरम कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"विचारलं नाही."

"मग विचारा."

मी बाळारामला परत फोन केला. त्याला या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. उत्तर ऐकून मी पुन्हा वाईला फोन लावला आणि त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले — "वहिनी जिंकल्या. दादा मुद्दाम हरले, आन् वहिनींना ते ठावं होता."

ऋता म्हणते, बाळारामने नंबर चुकवला असेल, पाहुण्यांची गल्लत झाली असेल. तसंही असेल. डाव्या हाताचं मात्र तिलाही सांगता येत नाही. तीही आईबरोबर कधी कॅरम खेळलेली नव्हती. चष्मा आणायला मी अजून गेलेलो नाही. कोणाच्या वस्तूला हात लावायचा, हे मला ठरवता आलेलं नाही. माझ्याकडे या कशाचंही स्पष्टीकरण नाही.

आणखी एका गोष्टीचंही नाही. बाळारामचे शब्द सांगून झाल्यावर फोनमधून एक आवाज आला. अगदी क्षणभर. तो नीलिमाच्या हसण्याचा होता की ठसक्याचा, हे मला ओळखता आलं नाही. मी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. तिनेही ठेवला नव्हता.