कच्च्या पाकाचा चौकोन

विकास नगरातल्या एका छोट्या शाळेत माझी बायको अश्लेषा सोळा वर्षं बालवर्गाला आकार शिकवते, आणि तेही नारळाच्या वड्यांनी. घरी ताटात वड्या थापून त्रिकोण कापायचे, डबा भरून वर्गात न्यायचे. दोन त्रिकोण जोडून चौकोन, चार जोडून मोठा त्रिकोण. ज्याला जमला त्यानं तो खायचा. या पद्धतीला मी कायम हसत आलो, पण बेतानं. ताटाच्या कडेचे वेडेवाकडे तुकडे माझ्याच वाट्याला येतात.

यंदा प्रतिमा मिश्रा नावाच्या नव्या मुख्याध्यापिका आल्या. वर्गात मुंग्या होतात, म्हणाल्या. शनिवारी तास बघणार, पसंत पडला नाही तर प्लास्टिकचे आकार आणि ट्रेनिंग घेतलेली दुसरी बाई आणणार. हिच्या तोंडचं पाणी पळालं.

शुक्रवारी त्याच धसक्यात पाक कच्चा राहिला. सकाळी पाहिलं तर वड्या लोण्यासारख्या मऊ. कापल्या कशाबशा. मी म्हटलं, आता लाडूच वळ. त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं स्कूटर काढली. तिला शाळेत सोडलं आणि बँकेला दांडी मारून वर्गाच्या खिडकीशी उभा राहिलो. बायकोची फजिती बघायची हौस नव्हती, पण पायही निघेना.

पहिला नंबर समीरचा. पाच वर्षांचा, गोबरा. त्यानं दोन त्रिकोण जोडले, हौसेनं दाबले, आणि मधली रेघच नाहीशी झाली. मिश्राबाई पुढे आल्या. आता याच्यातून तेच दोन तिकोने काढून दाखव, म्हणाल्या. हिचा चेहरा पडला. तिनं स्टीलची पट्टी समीरच्या हातात दिली. त्या गड्यानं ती बिनधास्त दुसऱ्याच कोपऱ्यांतून तिरकी चालवली.

"बेटा, ये वो वाले तो नहीं हैं," मिश्राबाई म्हणाल्या.

"तो क्या हुआ मैम? हैं तो वैसे ही. आप रखकर देख लीजिए."

त्यानं डब्यातला एक त्रिकोण उचलून आपल्या त्रिकोणावर ठेवला. कोपऱ्याला कोपरा लागला. मिश्राबाईंना काही ते पटेना. त्यांनी स्वतः दोन त्रिकोण दाबून चौकोन केला, उलट्या बाजूनं कापला, तुकडे एकावर एक ठेवून पाहिले. मग बोटं चाटली. मग दुसरा चौकोन केला. तास संपला तेव्हा मुंग्यांसाठी काही उरलं नव्हतं, आणि हिची नोकरी शाबूत होती. पट्टी तेवढी रोज धुवा, असा हुकूम मात्र झाला.

परतताना स्कूटरवर मी तिचं तोंडभरून कौतुक केलं. आरशात पाहिलं तर डोळे पुसत होती.

"काय झालं आता?"

"सोळा वर्षं कापायचं काम मी माझ्याकडेच ठेवलं," ती म्हणाली. "पोरांना नुसतं जोडायला देत राहिले."