गुळाच्या काहिलीत चादरी उकळणारी कौसाआत्या

माझ्या आत्यानं गुळाची काहील बाटवली होती.

असं लोक म्हणायचे. पन्नास वर्षं म्हणत राहिले.

आज सकाळी विश्रामबागच्या आमच्या घरी आत्या गेली. वय ऐंशीच्या पुढं. त्यामुळं ही गोष्ट आता मीच सांगते. बिनधास्त सांगते.

कौसल्या तिचं नाव. आम्हा भाचरांची कौसाआत्या.

सदुसष्ट साली ती इस्लामपूरच्या बाहेर, कराड रोडला, एका लहानशा दवाखान्यात आया होती. शिक्षण चौथी. काम धुण्या-पुसण्याचं.

त्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला. पहाटे आत्याच्या फळीवरची भांडी धडाधड खाली आली, भिंतीला बोटभर चीर पडली. बाहेर येऊन बघते तर सगळ्या गावाचे दिवे गेलेले.

कोयनेचं वीजघर बंद पडलं म्हणून लाईट बंद.
लाईट नाही म्हणून दवाखान्याच्या विहिरीवरची मोटार बंद.
मोटार बंद म्हणून नळ कोरडे. फोन तर मुकाच.

हे सगळं नंतर कळलं. त्या सकाळी एवढंच कळत होतं, की काहीच चालत नाही.

आणि मग ट्रक आले.

पाटणकडची माणसं. कराडला जागा उरली नाही म्हणून पुढं पाठवलेली. झोपेत घर अंगावर पडलेलं. कुणाचा हात चेपलेला, कुणाची कंबर.

दुपारपर्यंत दवाखान्यातली शेवटची धुतलेली चादर संपली.

टेबलावर एक बाई होती. पायाचं हाड बाहेर आलेलं. डॉक्टर म्हणाले, "कौसाबाई, हत्यारं स्टोव्हवर उकळतोय. पण उकळलेलं कापड नसेल तर मी हात लावणार नाही. पू होऊन मरेल ती."

आत्याकडं एक चूल, एक पातेलं आणि रक्तानं भरलेल्या चादरींचा ढीग. हत्यारांपुरतं सोडलं तर पाण्याचा थेंब नाही.

रस्त्यापलीकडं गुऱ्हाळ होतं. हंगामच तो. त्यांचं सगळं ऑईल इंजिनवर. म्हणून तिथं चरक फिरत होता, विहिरीचं पाणी पाटात पडत होतं आणि खोलीएवढ्या लोखंडी काहिलीत उसाचा रस उकळत होता.

आत्यानं चादरींचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि रस्ता ओलांडला.

गुऱ्हाळाच्या मालकांना सगळे तात्या म्हणायचे. मोठे बागायतदार. मुलगा मिलिटरीत. गावात शब्द चालायचा.

"तात्या, ह्यो रस उतरला की काईल द्या. चादरी उकळायच्यात."

तात्यांनी आधी गाठोड्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"डोस्कं फिरलंय का तुजं? ह्यातला गूळ द्येवाला जातो."

"आवं, माणसं मरायला लागल्यात तिकडं."

"रगात न्हाई चालायचं. आन तुजा हात लागल्यावर ह्यातला गूळ कोन घील?"

आमच्या घरानं बौद्ध धम्म घेऊन अकरा वर्षं झाली होती. तात्यांच्या लेखी आम्ही अजून तिथंच होतो.

आत्या मला सांगायची, "वाईट न्हाई वाटलं बग मला. राग आला. लय राग आला."

ती वळली. सगळ्यांना वाटलं, चालली परत.

ती खाली उतरली, चुलवाणाच्या तोंडाशी गेली. जिथनं गडी चिपाडं आत सारतो, तिथं. आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसली.

"सारा आता चिपाडं. माज्या अंगावरनं सारा."

आता तिला उठवायचं कुणी?

उठवायचं म्हणजे हात लावायला पाहिजे. आणि हात तर कुणी लावणार नव्हतं! विटाळ त्यांचा, अडचणही त्यांचीच.

जाळ बसायला लागला. रसाची उकळी मोडली. तात्या ओरडले, "पोलीस बोलावतो!"

"बोलवा की. फोन लागतोय का बगा."

शेवटी म्हातारा गुळव्या मध्ये पडला. रसाची पारख करणारा तो. म्हणाला, "मालक, आता गूळ न्हाई हुयाचा. काकवी म्हणून काढतो. रिकामी काईल घीना का ती."

तात्यांनी उपरणं झटकलं. "माज्या देखत न्हाई," म्हणाले आणि घराकडं चालू लागले.

नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. आत्यानं ते 'हो' धरलं.

तीन दिवस ती तिथं उभी होती. पाटात रक्त धुवायचं, काहिलीत सोडा टाकून उकळायचं, पिळायचं, पलीकडं पळवायचं. जाळ घालायला गुळव्या स्वतः बसला. तळहाताची कातडी गेली तिच्या.

त्या बाईचा पाय वाचला नाही. बाई वाचली.

दवाखान्यात दोघं दगावले. बाकीचे परत गेले, घर पडलं होतं तिथं.

तात्यांनी नंतर काहील कृष्णेवर नेऊन घासली, पूजा घातली. मरेपर्यंत आत्याशी बोलले नाहीत. तिनंही कधी वाट बघितली नाही.

महिन्याभरानं आत्याला वरच्या ऑफिसातनं मेमो आला. परवानगीशिवाय ड्युटी सोडली, दुसऱ्याच्या जागेत घुसली. लेखी खुलासा द्या, माफी मागा.

डॉक्टर म्हणाले, "दोन ओळी लिहून टाका कौसाबाई, मिटून जाईल."

तिनं दोनच ओळी लिहिल्या. शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या तिला.

"चादरी उकळायच्या होत्या, उकळल्या.
परत भूकंप झाला तर परत उकळीन."

नोकरी गेली नाही. पुढं त्याच दवाखान्यातनं रिटायर झाली.

दुपारी चारला घरातनं निघतोय. ज्यांना जमेल त्यांनी या.

कौसाआत्या, तुला आम्हा सगळ्या भाचरांचा शेवटचा जय भीम.