शेजारणीच्या नावावर

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा ती मस्कतहून फोनवर म्हणाली, “आई, इथं माझ्याजवळ कुणीच नाही गं. तू येशील ना?” पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आपली रीत, पण तिला डॉक्टरांनी विमानात बसायची मनाई केलेली. म्हणजे आता माहेरानंच उठून तिकडं जायचं. मी म्हटलं, येते. म्हणायला काय जातंय! भातसानगरातून शहापूरला जायचं तरी मी चार दिवस आधीपासून घोकत असते, आणि निघाले समुद्रापार.

पासपोर्टाचा फॉर्म भरून देणारा म्हणाला, “मावशी, जन्माचा पुरावा?” मी आधारकार्ड पुढं केलं. त्यावर नुसतं साल, तेही कॅम्पात बसलेल्या मुलानं माझ्या तोंडाकडं बघून अंदाजानं टाकलेलं. शाळेचा दाखला काढावा तर मी जिथं चौथीपर्यंत शिकले त्या शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. “मग तुमच्या गावच्या जन्मनोंदीचा उतारा आणा,” तो म्हणाला, “आईवडिलांच्या नावासकट.”

घ्या! पन्नाशी उलटली, संसार झाला, एक मुलगी वाढवून परदेशी पाठवली, आणि मी जन्मले की नाही हेच अजून ठरायचं होतं.

माझं माहेर मुरबाडकडं, म्हशाच्या अलीकडच्या एका पाड्यावर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई तिथं एकटी राहते, ऐंशीच्या घरात आहे, पण कंबर ताठ. तिला मी काकी म्हणते. लहानपणापासून काकीच. आणि शेजारच्या घरात एक निपुत्रिक बाई होती, तिला मी आये म्हणायची. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाड्यावर आम्हां पोरांना कोण काय सांगत होतं! पण एक गोष्ट मात्र मला लहानपणी फार लागायची. दारात कुणी पाहुणी आली आणि तिनं माझ्याकडं बघून विचारलं, “तुझी का गो ही?” की काकी चटकन म्हणायची, “नाय गो, शेजारची.” आणि तांदूळ निवडत राहायची. मी घरामागं जाऊन रडायची. मला खरंच वाटायचं, मी हिची नाहीच. पुढं मोठी झाले, लग्न झालं, हे सगळं मागं पडलं असं मला वाटत होतं. पडलं नव्हतं.

थंडीच्या दिवसांत मी माहेरी गेले आणि काकीला विचारलं, “मी कधी जन्मले ते सांग.”

ती अंगणात उन्हाला बसली होती. डोळे मिटून म्हणाली, “म्हशाची जत्रा उठत व्हती. बैलवाले माघारी चाललेले. रस्त्यानं घुंगरं वाजत व्हती बघ, तवा तू रडलीस.”

“साल कुठलं?”

“सालाचं मला काय ठावं? तुझा बाप बैल बघायला गेलेला, आन बैल न घेताच आला, ते साल.”

हे साल सरकारदरबारी कसं सांगायचं! पण म्हशाची जत्रा पौषात भरते, म्हणजे महिना पौष, एवढं तर कळलं. तेवढ्यावर मी मुरबाडच्या कचेरीत गेले. अर्ज केला. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी मला आत बोलावून स्टुलावर बसवलं. चांगल्या होत्या. “तुमच्या गावचं नाव तेवढं बरोबर आहे, साल मात्र तुम्हीच हुडका,” म्हणाल्या आणि लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा माझ्यापुढं सोडला.

ती दुपार मला अजून नीट आठवत नाही, आणि विसरताही येत नाही. उंच खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आलेला, त्यात धूळ तरंगत होती. पानं पिवळी, मऊ, जुन्या लुगड्यासारखी. मी एक पान उलटलं की आमचा एक पाडा वर यायचा. वडलांचं नाव, आईचं नाव, मुलगा की मुलगी, आणि बाळाच्या नावाचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा. कोतवाल दारोदार खबर घेत फिरायचा तेव्हा बारसं कुठं झालेलं असायचं! इतकी बिननावाची बाळं एका जागी मी कधी पाहिली नव्हती. मला झोप येत नव्हती, पण जागीही नव्हते. मध्येच मला घुंगरं ऐकू आली. मी वर पाहिलं तर बाई शांतपणे शिक्के मारत होत्या.

मग वडलांचं नाव दिसलं. माझा जीव भांड्यात पडला. पण पुढं पाहिलं तर मुलगा. पौषही नव्हे. आणखी दोन वर्षांनी पुन्हा वडलांचं नाव, मुलगी. ती मी? नाही, तो आषाढ-श्रावणातला महिना होता. मग आणखी एकदा, मुलगा. बाईंनी मरणाची वही काढून शेजारी ठेवली. तिन्ही त्यात होती. एकाला बारा दिवसही मिळाले नव्हते.

मला आधीची भावंडं गेली हे उडत उडत माहीत होतं. तीन हे माहीत नव्हतं. काकीनं कधी तोंडातून काढलं नाही.

त्यानंतर वडलांच्या नावावर काहीच नव्हतं. मी पुढची पाच वर्षं पालथी घातली. मी कुठंच नव्हते. बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि बोट ठेवलं, “पौष म्हणालात ना? या सगळ्या वर्षांत पाड्यावर पौषात एकच मुलगी झालीय. हे बघा.” वडील म्हणून शेजारच्या काकांचं नाव. आई म्हणून आयेचं.

मी त्या नावावरून बोट फिरवून पाहिलं. लहानपणी घरामागं बसून जे वाटायचं ते इथं शाईनं लिहून ठेवलेलं होतं. एवढी वर्षं कुणी मला सांगितलं नाही, आणि मी वेड्यासारखी काकीच्या मायेची वाट बघत राहिले.

त्याच पावली एसटीनं पाड्यावर गेले. काकी शेणी थापत होती. मी चप्पलही न काढता विचारलं, “मी कोणाची?”

ती हात धुऊन आली, पदराला पुसले, आणि खाली बसली. “तिन्ही गेली माझी,” ती म्हणाली. “तू झालीस तवा सासू म्हनली, हिला आपली म्हनू नको, नजर लागती. मंग तुला सुपात घातली आन शेजारनीला इकली. पसाभर कण्या घेतल्या तिच्याकडून. त्या शिजवून खाल्ल्या मी.”

“आणि नोंद?”

“तिसऱ्या दिवशी कोतवाल दारात आला. कोनाला काय झालं, इचारलं. शेजारीन सूप घेऊन उभी व्हती, त्यात तू. मी म्हनलं, आमच्यात काय नाय झालं. तिच्यात झालं.” आणि वर म्हणाली, “खोटं कसं बोलू? इकलेली ना मी तुला.”

अरे देवा! मूल दृष्टीपासून लपवायचं म्हणून आमच्या पाड्यावर बायका सुपात घालून विकतात हे मी ऐकलं होतं. दोन-चार वर्षांनी परत घेतात, हसतात, विसरतात. पण सरकारच्या वहीतसुद्धा विकायचं, हे माझ्या काकीलाच सुचावं. आणि परत घ्यायचं राहूनच गेलं, का तिची छातीच झाली नाही, कोण जाणे. मला तिचा राग आला, आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

कचेरीतल्या बाई म्हणाल्या होत्या, नोंद दुरुस्त होईल. जिच्या नावावर आहे ती हयात नाही, पण खरी आई असेल तर तिनं येऊन साहेबांसमोर जबाब द्यायचा, ही माझी मुलगी म्हणून. बस, एवढंच.

एवढंच! काकी ऐकूनच उठली. “मी नाय बोलनार.”

“अगं, लेक तिकडं एकटी आहे. दोन महिन्यांत बाळंत व्हायचीय.”

“म्हनूनच नाय बोलनार. बोलली आन तुला काय झालं तर? आता तर तुझ्या पोरीचा पन जीव हाय त्यात.”

मी चिडले. म्हटलं, “काकी, मी आजी व्हायला चाललेय, अजून कसली नजर लागणार मला!” ती चुलीकडं तोंड करून बसली. मी समजावलं, भांडले, शेवटी रडले. काही उपयोग नाही. एकदा का तिनं मनात घेतलं की झालं.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मी रडवेल्या तोंडानं फोन उचलला, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, तो काकीपुढं धरला. लेक उभी होती, हात पाठीशी धरून, पोट पुढं आलेलं. “आजी, आईला पाठव गं,” ती म्हणाली. “मला रात्रंदिवस भीती वाटते.” काकी काचेकडं बघत राहिली. लेकीनं फोन ठेवला तरी बघतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी घरात दिसली नाही म्हणून मी एकटीच परत निघाले, तर फाट्यावर काकी आधीच येऊन उभी. धुतलेलं लुगडं, कपाळाला बुक्का. “चल,” म्हणाली. एसटीच्या खिडकीबाहेर धुकं होतं आणि भाताची कापलेली शेतं त्यात विरघळत चाललेली. मला वाटत होतं आपण कुठं पोचणारच नाही, आणि ते बरंही वाटत होतं.

साहेब तरुण होते. त्यांनी कागद वाचले आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, “आजी, ही तुमची कोण?”

काकीनं पदर डोक्यावर नीट ओढला.

“आजी, ऐकू येतंय ना? ही तुमची कोण लागते?”

काकीचे ओठ हलले. ती सवयीनं ‘शेजारची’ म्हणणार हे मला दिसलं. पण तिनं उलट साहेबांनाच विचारलं, “साहेब, हिचं वय किती झालं त्या वहीपरमानं?”

साहेबांनी हिशेब केला. “एकावन्न पुरी.”

“मंग आता नाय ना कोन नेत हिला?”

साहेबांना काय कळणार! त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. तेव्हा साहेब म्हणाले, “नाही आजी. कोणी नेत नाही.”

काकीनं माझं मनगट घट्ट धरलं. “माझी हाय,” ती म्हणाली. “चौथी. ही तेवढी राहिली.” आणि लगेच मागं वळून दाराकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.