आवाज बंद करून

नवीन निघालेली कुठली डिस्क विकत घेण्याजोगी आहे, हे मला आजही काही लोक विचारतात. फार नाहीत. खारबावच्या आमच्या आळीतल्या दोघी-तिघी, नवऱ्याच्या कामावरचा एक हौशी माणूस, आणि मोबाइलवरचा एक ग्रुप, ज्यातले सगळे माझ्यासारखेच हट्टी आहेत. बाकीच्या जगाला पिक्चर विकत घेऊन घरात ठेवायचा असतो हेच विसरायला झालं आहे. मी मात्र अजून मागवते. कुरिअरवाला खोकं हातात देताना विचारतो, "ताई, यात असतं काय?" मी म्हणते, "पिक्चर." तो हसतो. हसू दे.

माझं ऐकून डिस्क घेतलेले लोक कधीकधी भांडायला येतात, हेही खरं. ज्या पिक्चरला सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं असतं त्याला मी सरळ 'घेऊ नका' म्हणते, आणि कुणी नावही न काढलेला एखादा साधा घरगुती पिक्चर 'बिनधास्त घ्या' म्हणून सांगते. माझी परीक्षा एकच आहे. डिस्क लावायची, आवाज पूर्ण बंद करायचा आणि पडद्यावरचा माणूस काय बोलतोय ते कळतं का बघायचं. कळलं तर घ्या. नाही कळलं तर तुमचे पैसे, तुमची मर्जी.

ही परीक्षा मी माझ्या वडिलांमुळे शिकले.

धामणकर नाक्याच्या मागच्या बाजूला बाबांचा छोटा कारखाना होता. भिवंडीत कारखाना म्हटलं की कापड विणायचे लूम, वेगळं सांगावं लागत नाही. जमीन राहनाळला होती, तिच्यावर पुढे गोडाऊन उभी राहिली, पण बाबांचा जीव लूममध्येच. मालक असून स्वतः लूमवर उभे राहायचे. आत गेलं की सूत ओढत इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा असा खडखडाट की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथे कुणी ओरडत नसे. सगळे ओठांवर बोलायचे. यूपीचा कारागीर लूमच्या त्या टोकाला उभा राहून नुसते ओठ हलवायचा, आणि बाबा इकडून तसंच उत्तर द्यायचे. सूत संपलं, चहा आला, गावाकडे पोरगी झाली, सगळं आवाजाशिवाय. लहानपणी मला ती मोठ्या माणसांची गंमत वाटायची.

घरी आलेल्या बाबांना पाठीमागून हाक मारली तर ते वळायचे नाहीत. आम्ही समजायचो, दमलेत, किंवा रागात आहेत. आई हाक मारायचीच नाही, जाऊन शर्टाची बाही ओढायची. समोर बसून बोललं की सगळं नीट. प्रश्नाला उत्तर यायचं, हसण्यावर हसू यायचं, थोडंसं उशिरा. आणि काही विचारलं आणि त्यांना उत्तर द्यायचं नसेल, तर ते मान हलवायचे. सावकाश, दोनदा. त्या मानेचा अर्थ आम्ही सगळ्यांनी 'हो' असा धरलेला होता.

माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी मी त्यांच्या गळ्यात पडले. पाठवणीला सगळ्याच पोरी रडतात, पण मी नुसती रडत नव्हते. मला खरंच जायचं नव्हतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, स्थळ चांगलं म्हणून घाई झाली होती, आणि घरात कुणी मला धड विचारलंच नव्हतं. गाडीचं दार उघडं होतं. मी बाबांच्या खांद्यात तोंड घालून म्हटलं, "बाबा, मला न्हाय जायचं. मला ठेव ना इथंच." त्यांनी मान हलवली. सावकाश, दोनदा. आणि मला गाडीत बसवलं.

संसार वाईट झाला नाही. नवरा साधा माणूस आहे, सासूनं त्रास दिला नाही, शिक्षणही मी पुढे उशिरानं पूर्ण केलं. पण ती मान माझ्या मनातून गेली नाही. 'हो' म्हणून पाठवून दिलं मला, असं मी स्वतःशी म्हणायचे. ऐकलं, समजलं, आणि तरी बसवलं गाडीत. हे मी कुणाजवळ बोलले नाही. माहेरी मात्र जायचे, दर शुक्रवारी, कारण शुक्रवारी लूम बंद असतात आणि बाबा घरी असतात. रागावलेल्या माणसालाही आपल्या बापाला बघावंसं वाटतंच.

जाताना नाक्यावरून एक नवीन डिस्क घेऊन जायचे. जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून पिक्चर बघायचा हा बाबांचा शुक्रवारचा नेम होता. आठवड्यातला तेवढाच वेळ ते आमच्यात बसायचे. दुकान चाचांचं. चाचा मूळचे इथलेच, कोकणी मुसलमान, घरात पिढ्यान्‌पिढ्या लूम, पण यांनी तरुणपणीच लूम सोडून कॅसेटचं दुकान टाकलं आणि पुढे डिस्क विकायला लागले. नवीन माल आला की म्हणायचे, "बेटा, हे ने, एकदम मारधाडवालं, अब्बा खूश होतील."

असंच एका शुक्रवारी मी दक्षिणेकडचा एक पिक्चर नेला, हिंदीत आवाज भरलेला. तेव्हा त्यांची लाट होती. पिक्चर सुरू झाल्यावर थोड्या वेळानं बाबा पुढे सरकून बसले. मग अजून पुढे, जवळजवळ टीव्हीला नाक लावून. मग उठले आणि म्हणाले, "ही डिस्क खराब हाय." आम्ही म्हटलं, छान तर दिसतंय. "न्हाय, खराब हाय. मानसांची तोंडं बिघडल्यात." आणि ती काढून, खिशात घालून, पायात चप्पल सरकवून निघाले. मी मागोमाग धावले.

दुकानात गिऱ्हाइकं होती. बाबा मोठमोठ्यानं चाचांना सुनावत होते, की ह्या डिस्कमधली मानसं काय बोलत्यात त्याचा पत्ता लागत न्हाय, तोंड एक हलतं न् बोलणं दुसरंच असणार, असला माल इकतोस? लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "डबिंग है, काका." बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचा हसले नाहीत. काउंटरच्या बाहेर आले, बाबांच्या पुढ्यात उभे राहिले आणि नुसते ओठ हलवले. मी शेजारीच होते, एक शब्द ऐकू आला नाही. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न होते तेवढेच. बाबा एकदम शांत झाले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "झालं की जेवण. आज सुकटीचं कालवण व्हतं."

चाचांनी परत ओठ हलवले. बाबा म्हणाले, "चाय नको. दुसरी डिस्क दे."

मी तिथेच उभी राहिले. दुकानात कुणी काही बोललं नव्हतं, आणि माझे वडील गप्पा मारत होते. 'थोडं कमी ऐकू येतं' हे मला माहीत होतं. काहीच ऐकू येत नाही, हे मला त्या काउंटरपाशी कळलं. टीव्हीसमोर ते आमच्याबरोबर पिक्चर ऐकत नव्हते, वाचत होते, एकेक ओठ.

घरी येऊन मी आईला विचारलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "आता समजलं व्हय तुला?" मी विचारलं, कधीपासून? "लूमवाल्यांचे कान काय एका दिवशी जातात? जातात हळूहळू. तुझा बाबा त्याबद्दल बोलत न्हाय, आपण बी बोलायचं न्हाय." माझ्या लग्नात यांना ऐकू येत होतं का, हा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. पण विचारायचा तर खांद्यात तोंड घालून काय बोलले तेही सांगावं लागलं असतं. मी भांडी विसळायला घेतली.

त्यानंतर चाचा आणि मी प्रत्येक नवीन डिस्क आधी दुकानातल्या टीव्हीवर आवाज बंद करून बघायचो. यातूनच मी असली खडूस परीक्षक झाले. मिशा ओठांवर आलेला नट असला की डिस्क बाद. पाठमोरं उभं राहून किंवा काळोखात बोलणारी माणसं असली की बाद. आजकालच्या मोठमोठ्या नटांना पुटपुटण्याची जी खोड लागली आहे तिला लोक अभिनय म्हणतात, मी म्हणत नाही. पडद्यावर खाली येणारी अक्षरांची पट्टी म्हणाल तर ती इंग्रजीत, आणि बाबा चौथी शिकलेले. मराठी पट्टी द्यायला डिस्क काढणाऱ्यांचे हात का जड होतात ते देव जाणे. पण एखादा पिक्चर असा निघायचा की त्यातली बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी, उजेडात उभी राहून, तोंड नीट उघडून बोलायची. मग बाबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "ही खरी बोलते." मला तेव्हा इतकं बरं वाटायचं की तो पिक्चर मीच काढलाय असं मिरवायचे.

टीव्हीवर येतो तेव्हाच बघा, मोबाइलवर बघा, असं मला लोक सांगतात. मोबाइलवर तोंड नखाएवढं दिसतं. टीव्हीवरचा पिक्चर मागे नेता येत नाही. डिस्क आपली असते. एखादं वाक्य निसटलं की बाबा बोट फिरवायचे, मी मागे घ्यायचे, आणि ते पुन्हा बघायचे. विकत का घ्यायची, याचं माझ्याकडे हेच उत्तर आहे.

कोरोनात सगळ्यांनी तोंडं झाकली तेव्हा बाबांच्या लेखी अख्खी भिवंडी मुकी झाली. दूधवाला, डॉक्टर, शेजारी, कुणाचे ओठ दिसेनात. ते ओट्यावर जाऊन बसायचे आणि लगेच परत आत यायचे. त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायला आई आणि पडद्यावरची माणसं एवढीच उरली होती. चाचांनी दुकानात शिल्लक होत्या त्या सगळ्या डिस्क पिशवीत भरून पाठवून दिल्या. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. चाचा स्टुलावर बसलेले असतात, मी दिसले की आवाज न करता विचारतात, "अब्बा कसे आहेत?"

अब्बा बरे नाहीत. काचबिंदू झाला आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायला बघू. बाजूचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं, आणि तेही दर वेळी थोडं आक्रसतं. ऐकणं गेलं तेव्हा त्यांच्याकडे डोळे होते. डोळे गेल्यावर काय, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. मला त्याची भीती वाटते. रात्रंदिवस वाटते.

मागच्या एका शुक्रवारी कुरिअर आलंच नव्हतं. मी रिकाम्या हातानं गेले. बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "आज काय न्हाय?" आईनं कपाटातून एक डिस्क काढली, प्लास्टिक पिवळं पडलेली. माझ्या लग्नाची. मी ती कधी लावली नव्हती. "कवापासून पडलीय," आई म्हणाली, "आज हीच बघू."

शूटिंगवाल्यानं सगळ्यावर सनई आणि गाणी ओतलेली होती. मी सवयीनं आवाज बंद केला. हळद झाली, मंगलाष्टकं झाली, जेवणाच्या पंगती झाल्या. मग गाडी दिसली. मी बाबांच्या खांद्यात तोंड घातलेली, माझा नुसता अंबाडा आणि गजरा दिसतोय. बाबांचा चेहरा मात्र बरोबर कॅमेऱ्यासमोर. आणि त्यांचे ओठ हलतायत.

मी मागे घेतलं. पुन्हा लावलं. इतक्या वर्षांत एवढं तरी मला वाचता येतं. ते म्हणत होते, "वर बघ. वर बघून बोल. पोरी, वर बघ ना." एका हातानं माझी हनुवटी उचलायला बघतायत, आणि मी अजूनच तोंड खुपसतेय. मग मागून कुणीतरी घाई केली, आणि त्यांनी मान हलवली. सावकाश, दोनदा.

कुणावर म्हणून मी इतकी वर्षं रागावले होते?

बाबाही बघत होते. ते माझ्याकडे वळले, पूर्ण वळले, आता त्यांना तसंच वळावं लागतं. म्हणाले, "तवा काय बोललीस, ते मला दिसलं न्हाय."

मी उठले आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून त्यांच्या पुढ्यात बसले. खरं ते ओठांवर आलं होतं. पण त्यांचे डोळे इतके जवळ होते, आणि त्यांत आता एवढंसंच जग उरलं होतं. तेवढ्याशा जगात ते हे कुठे ठेवणार होते?

"जेवून घे म्हटलं व्हतं," मी सावकाश म्हणाले. "म्हटलं, बाबा, उपाशी राहू नको, जेवून घे."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग ओठांवरून वर, डोळ्यांकडे. "बरं," म्हणाले, आणि मान हलवली. सावकाश, दोनदा. ती मान मला पाठ आहे. शब्द पोचले नाहीत की ते ती हलवतात. पण मी उजेडात बसले होते, तोंड नीट उघडून बोलले होते, आणि शब्द त्यांच्यापर्यंत पोचले होते. फक्त 'ही खरी बोलते' असं ते म्हणाले नाहीत.